आमेन म्हणताना जीभ अडते तेव्हा

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

या खेपेला पत्रं बरीच आली, पण मी चारच घेतलीत, कारण चारही फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात, आल्तारापुढच्या (चर्चमधल्या वेदीपुढच्या) कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी भाकर, ख्रिस्तप्रसाद, घ्यायच्या रांगेत. पहिल्याला जास्त जागा दिलीय. ते दुखणं मलाही होऊन गेलंय म्हणून. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न : बाई, नमस्कार. मी २९ वर्षांचा, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे. आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे, आजोबा कामासाठी कोल्हापुरात आले तेव्हापासून इथंच. घरात रोज संध्याकाळी रोजरी (जपमाळेची प्रार्थना), रविवारी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), हे सगळं लहानपणापासूनचं. मागच्या वर्षी आई गेली. किडनीचं होतं. आम्ही नोव्हेनावर नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) केले, मी दर रविवारी कम्युनियन घेऊन जागेवर आलो की एकच मागायचो, आणि ती गेली. मातीच्या दिवशी चर्चमधल्याच एका जबाबदार माणसानं वर्गणीची थकबाकी काढली, ते अजून डोक्यातून जात नाही. तरी मी मिस्साला जातोय, बाबांसाठी. पण आता फादर "ख्रिस्ताचे शरीर" म्हणतात आणि मी "आमेन" म्हणतो तेव्हा आपण खोटं बोललो असं वाटतं. आत काहीच हलत नाही. तोंडात कागदासारखी चव, बस. कंपनीतला मित्र म्हणाला लॅबमध्ये टाकलं तर गहूच निघणार की, आणि मला उत्तर देता आलं नाही. असा माणूस कम्युनियन घ्यायला लायक आहे का, की विश्वास परत येईपर्यंत मागंच बसावं?

उत्तर : तू मला बाई म्हणालास म्हणून मीपण वर्गातल्यासारखं अरे-तुरेच करते, राग मानू नको. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आणि उत्तराला बसायच्या आधी तुझ्या आईसाठी प्रार्थना केली.

माझे मिस्टर उद्यमनगरात एका फौंड्रीत होते, ते गेले तेव्हा माझ्याकडं रविवारचा पहिल्या कम्युनियनचा वर्ग होता, बारा-तेरा मुलं. मी त्यांना सांगायचे की या भाकरीत येशू स्वतः येतो, तो आपला आहे, त्याला काहीपण सांगा, आणि घरी येऊन दार लावलं की आत नुसतं कोरडं ठणठणीत. एक दोन महिने नाही, जवळजवळ अडीच वर्षं. मला वाटायचं आपण मुलांना फसवतोय. शेवटी एका म्हाताऱ्या फादरांकडं कन्फेशनला, पापांची कबुली द्यायला, गेले आणि सगळं बोलून टाकलं, म्हणलं मी वर्ग सोडते आणि कम्युनियनपण घेत नाही. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तुला भूक लागलीय हे तुला कळतंय ना? मग ये." एवढंच. तेव्हा मला ते उत्तर फार तोकडं वाटलं होतं. आज तुला लिहायला बसले तर दुसरं काही त्याच्यापेक्षा मोठं सापडत नाही, पण ते उलगडून सांगायचा प्रयत्न करते.

आधी तो "आमेन" घेऊ, कारण तुझा काटा तिथंच रुतलाय. आमेन हा हिब्रू शब्द. त्याच्या मुळाशी अर्थ आहे भक्कम, पक्कं, ज्यावर भार टाकता येतो असं. विश्वासाला हिब्रूत जो शब्द आहे तोपण त्याच मुळातला. म्हणजे तू आमेन म्हणतोस तेव्हा "मला आत्ता खूप भरून आलंय" असं कोणी तुझ्याकडून वदवून घेत नाही. तू म्हणतोस की हे जे समोर सांगितलं गेलं ते पक्कं आहे. पक्कं कोण आहे, तू का तो? तो. तुझे पाय लटपटत असताना तू भिंतीला हात लावून "भिंत पक्की आहे" म्हणालास तर ते खोटं होत नाही रे, उलट लटपटणाऱ्यालाच ते म्हणायची जास्त गरज असते.

आता योहानाचा सहावा अध्याय काढ. पाच भाकरी, दोन मासे, पाच हजार माणसं जेवली, सगळे खुश. दुसऱ्या दिवशी कफर्णहूमच्या सभास्थानात येशू म्हणतो, मीच जीवनाची भाकर आहे, माझा देह खरं अन्न आहे, माझं रक्त खरं पेय आहे. तिथं त्याचे विरोधक कुरकुरले हे समजू शकतं, पण त्याचे स्वतःचे शिष्य म्हणाले, "हे वचन कठीण आहे, हे कोण ऐकून घेऊ शकतो?" आणि बरेच जण परत फिरले, त्याच्याबरोबर चालायचे बंद झाले. मला या जागी कायम एक गोष्ट थांबवते. येशू त्यांच्या मागं पळत गेला नाही, अहो थांबा, मी नुसतं उदाहरण देत होतो, असं त्यानं म्हणलं नाही. माणसं जाताना बघितली आणि शब्द तसाच ठेवला. मग बारा जणांकडं वळून विचारलं, तुमचीही निघून जाण्याची इच्छा आहे काय? आणि पेत्र काय म्हणाला? "मला समजलं" असं नाही म्हणाला. "मला आतून वाटतंय" असंही नाही. तो म्हणाला, "प्रभूजी, आम्ही कोणाकडे जाणार?" मला तर वाटतं त्या क्षणी पेत्रालापण काही कळलं नव्हतं. पण बोलणारा कोण आहे ते त्याला माहीत होतं, तेवढ्या एका आधारावर तो थांबला.

आपला विश्वास तेवढ्यावरच उभा आहे बघ. सांगणारा कोण आहे त्यावर.

आणि पुढं शेवटच्या भोजनाची रात्र आठव. त्यानं भाकर घेतली, मोडली, दिली, हे माझं शरीर आहे म्हणाला. ती कोणाच्या हातात पडली? काही तासांत सगळे पळून गेले. पेत्रानं शेकोटीजवळ तीनदा ओळख नाकारली. आणि हे सगळं येशूला देताना माहीत होतं, त्यानं पेत्राला तोंडावर सांगितलंपण होतं. तरी त्यानं "तुम्ही जरा पक्के व्हा, मग देतो" असं म्हणून हात आखडता घेतला नाही. जगातलं पहिलं कम्युनियन ज्यांनी घेतलं ते त्याच रात्री कच्चे निघाले. मागं बसावं का असं तू विचारतोस, तर तुझ्या पुढं त्या रांगेत पेत्र उभा आहे एवढं लक्षात ठेव.

तुझ्या मित्राचं लॅबचं. त्याला सांग, बरोबर आहे तुझं, गहूच निघेल. चर्चनं कधी असं म्हणलेलंच नाही की मशीनखाली मांस दिसेल. चर्चच्या मोठ्या धर्मसभांत, १२१५ ला लॅटरनच्या आणि १५५१ साली ट्रेंटच्या, जे मांडलं ते असं की रंग, चव, वास, वजन, जे जे इंद्रियांना कळतं ते सगळं भाकरीचंच राहतं, आणि ती वस्तू मुळात जी आहे, तिचं सत्त्व, ते ख्रिस्त होतं. आपल्याकडच्या गुऱ्हाळावरचं सांगते. रस काहिलीत कढवला की गूळ होतो, तिथं रंग बदलतो, पातळ होतं ते घट्ट होतं, नावसुद्धा बदलतं, पण आत तोच ऊस. डोळ्याला सगळं नवं, आतलं जुनंच. ख्रिस्तप्रसादात याच्या बरोब्बर उलट, डोळ्याला सगळं जुनंच आणि आतलं पार नवं. म्हणून लॅबला ते सापडत नाही, लॅब बाहेरचंच बघू शकते, तो तिचा दोष नाही आणि तुझ्या मित्राचाही नाही. आणि हे आपण डोळ्यानं मानत नाही, कानानं मानतो, त्यानं म्हणलं म्हणून. चर्चचा मोठा विद्वान संत थॉमस अक्विनास, त्यानं हेच म्हणून ठेवलंय, की इथं डोळा, हात, जीभ तिन्ही चकतात, फक्त ऐकलेलं धरून चालायचं.

व्हॉट्सअपवर रक्त आलेल्या भाकरींचे, चमत्कारांचे व्हिडिओ येतात ते तुला कोणी पाठवले असतील. मी त्याच्यावर विश्वास टेकवत नाही आणि तूपण टेकवू नको. त्यातल्या कुठल्या घटनेला चर्चनं मान दिला असला तरी ते मानायलाच पाहिजे असं बंधन कोणावर नाही. आज एका व्हिडिओनं उभा राहिलेला विश्वास उद्या दुसऱ्या व्हिडिओनं पडेल.

आता "काहीच वाटत नाही" याबद्दल. कोरोनात तुमच्याकडं कोणाची चव गेली होती का? आमच्याकडं गेली होती. माझी सून तीन आठवडे ताटावर बसायची, तांबडा रस्सा असो नाहीतर साधी पेज, तिला सगळं सारखंच, माती खाल्ल्यासारखं. रडायची. पण आम्ही तिला जेवायचं सोडू दिलं नाही, कारण चव कळत नव्हती तरी अंगाला लागत होतं, त्याच जेवणावर ती उठली. दुःखात माणसाच्या आत्म्याचं असंच होतं. तुझी आई गेलीय. तुझी चव गेलीय. यात विश्वास मेला असं मी तरी म्हणणार नाही, आणि आत्ताच जेवण बंद केलंस तर उठायचं कशाच्या बळावर?

फ्रान्समधल्या लिज्यूची संत तेरेजा, लहान तेरेजा म्हणतो ती, तिला सगळे गुलाबाच्या फुलांसकट ओळखतात, पण तिचे शेवटचे दीड वर्ष फार थोड्या लोकांना माहीत असतात. १८९६ च्या ईस्टरला टीबीचं रक्त पडलं आणि त्याच सुमाराला आत असा अंधार झाला की स्वर्ग आहे हेच तिला पटेना. तो अंधार १८९७ च्या सप्टेंबरात ती गेली तोपर्यंत उठला नाही. चोवीस वर्षांची पोर. तिनं काय केलं तर आपला विश्वासांगिकार, "मी मानते" ची पूर्ण प्रार्थना, स्वतःच्या रक्तानं लिहून छातीशी बाळगली. आणि शेवटचे जवळजवळ सहा आठवडे तर आजारामुळं तिला कम्युनियन घेताच आलं नाही. या बाईला चर्चनं संत केलंय. म्हणजे काही न वाटणं हे पाप असतं तर पहिली तीच अडकली असती.

आणि व्हिएतनामचे आर्चबिशप वॅन थुआन. १९७५ ला त्यांना पकडलं, तेरा वर्षं कैदेत, त्यातली नऊ एकट्या कोठडीत. बाहेरच्या लोकांनी पोटाचं औषध म्हणून चिठ्ठी लावून छोट्या बाटलीत द्राक्षारस पाठवला. तळहातावर तीन थेंब द्राक्षारस आणि एक थेंब पाणी, भाकरीचा कण, तेवढ्यावर ते मिस्सा करायचे. आल्तार नाही, मेणबत्ती नाही, गाणी नाहीत, जवळ कोणी नाही. मी जेव्हा जेव्हा म्हणते की आज मिस्सात मन लागलं नाही तेव्हा मला तो तळहात आठवतो.

आईबद्दल मला जपून लिहायला पाहिजे. ती का गेली हे मी तुला सांगू शकत नाही, आणि जो कोणी सांगेल की देवाची इच्छा होती म्हणून आता रडू नको, त्याचं मनावर घेऊ नको. लाजरसाच्या थडग्याजवळ येशू स्वतः रडलाय. पण एक गोष्ट मी माझ्यावरूनच सांगते. आपण इथं नवसाच्या गावात वाढलो, आपल्या आजूबाजूला सगळे काहीतरी बोललेले असतात आणि फेडत असतात, आणि आपणसुद्धा नकळत कम्युनियनचा नवस करून टाकतो, इतके रविवार घेतो, आई बरी कर. मागणं चुकीचं नाही, मागावंच. पण ख्रिस्तप्रसाद हा त्या सौद्यातला हप्ता नाही. ज्या रात्री त्यानं तो दिला त्याच रात्री बागेत त्यानं बापाजवळ मागितलं होतं, हा प्याला माझ्यावरून टळू दे, आणि तो टळला नाही. तू जे अंगात घेतोस ते अशाचं शरीर आहे ज्याचं स्वतःचं मागणं त्या रात्री पूर्ण झालं नव्हतं. मला माझ्या अडीच वर्षांत दुसऱ्या कशाचा आधार वाटला नसेल इतका याचा वाटला, तोपण पहिल्या दिवशी नाही, फार उशिरा. आणि अजून एक, तुझी आई आज ज्याच्याजवळ आहे तोच त्या आल्तारावर येतो. मिस्सात मृतांची आठवण करतात त्या जागी तिचं नाव मनात घे. तिच्या इतकं जवळ तू कोल्हापुरात दुसरीकडं कुठं जाऊ शकत नाहीस, तिच्या मातीजवळसुद्धा नाही.

थकबाकी काढणारा माणूस चुकला. मी त्याच्या बाजूनं एक शब्द लिहिणार नाही, त्या दिवशी ते बोलायचं नव्हतं. फादरांना भेटून हे सांग, तक्रार म्हणून नको, जखम म्हणून सांग. पण त्याच्या चुकीमुळं तुझी भाकर सोडू नको. फादर प्रेमळ असोत की रागीट, कमिटी चांगली असो की नसो, आल्तारावर जे होतं ते ख्रिस्ताच्या शब्दानं होतं, आमच्यातल्या कोणाच्या चांगुलपणानं होत नाही, नाहीतर दोन हजार वर्षांत कितीतरी रविवार रिकामेच गेले असते.

आता सरळ उत्तर. लायक कोणीच नाही, म्हणून तर कम्युनियनच्या आधी आपण सगळे त्या रोमी शताधिपतीचे शब्द म्हणतो, तू माझ्या छपराखाली यावंस अशी माझी योग्यता नाही. मनावर एखादं गंभीर पाप असेल तर आधी कन्फेशन, तिथं सवलत नाही. आणि कोणी पूर्ण विचार करून ठरवलं असेल की यात ख्रिस्त नाहीच, मी हे नाकारतो, तर त्यानं घेऊ नये, ते त्याच्याही प्रामाणिकपणाला धरून होईल. पण तुझं तसं नाहीये. अडचण वाटणं, समजत नसणं, अंधाराची भीती वाटणं, आणि जाणूनबुजून पाठ फिरवणं, यात चर्चची शिकवण फरक करते. तू पाठ फिरवलेली नाहीस, पाठ फिरवलेला माणूस खोटं बोललो म्हणून रात्री मला पत्र लिहीत बसत नाही. तू ये. मार्कच्या नवव्या अध्यायात त्या पोराचा बाप ओरडतो ना, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका", दोन्ही एकाच वाक्यात, आणि येशूनं त्याचं पोर बरं केलं. रांगेत तेच म्हणत ये.

आणि थोडं करून बघ. मिस्साच्या दहा मिनिटं आधी पोच, पार्किंगमधून धावत नको. कम्युनियन घेऊन आल्यावर मागायचं काही दिवस थांबव, नुसता बस, राग आला तर राग सांग, स्तोत्रांत माणसं देवाला "कोठवर?" म्हणून ओरडलीत तसं. शिफ्ट जमेल तेव्हा आठवड्यातून एकदा चर्च रिकामं असताना ख्रिस्तप्रसाद ठेवतात तिथल्या लाल दिव्याजवळ पंधरा मिनिटं बस, काही म्हणू नको. आणि झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरला दाखव, तेपण प्रार्थनेइतकंच कर. बाबांना विचार, त्यांना कसं वाटतंय आई गेल्यापासून. तू त्यांच्यासाठी जातोस, कदाचित ते तुझ्यासाठी जात असतील.

प्रश्न : माझ्या मुलीला गहू चालत नाही, सिलिॲकचं निदान झालंय. पुढच्या वर्षी तिचं पहिलं कम्युनियन. तांदळाची भाकर चालेल का?

उत्तर : तांदळाची नाही चालत, होस्ट (कम्युनियनची पातळ भाकर) गव्हाचीच लागते. पण घाबरू नका, अगदी कमी ग्लुटेनच्या होस्ट असतात आणि त्या चालतात, रोमनं २००३ मध्ये सांगितलंय आणि २०१७ मध्ये परत स्पष्ट केलंय. तेवढंही सोसत नसेल तर तिला फक्त कपातून द्राक्षारस देता येतो, आणि तिला हे नीट सांगा की ते अर्धं कम्युनियन नाही, थेंबातपण अख्खा येशू. डॉक्टरांना विचारून आत्ताच फादरांशी बोला, कप वेगळा ठेवावा लागेल, भाकरीचा कण पडलेला कप चालणार नाही. ऐनवेळी सांगितलं तर पोरीची धांदल होते.

प्रश्न : बाई, मी प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंट पंथाच्या) घरातली, माझे पणजोबा वाइल्डर मेमोरियल चर्चचे. लग्न कॅथलिक मुलाशी झालं. दर रविवारी नवऱ्याबरोबर मिस्साला येते, सगळे उठून रांगेत जातात आणि मी एकटी बाकावर. सासूबाई म्हणतात जा की, कोण विचारतंय. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन मी लहानपणापासून श्रद्धेनं घेतलंय. मी काय कमी ख्रिस्ती आहे का?

उत्तर : नाही. हे आधी लिहिते आणि परत एकदा लिहिते, नाही. १८५२ साली मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले तेव्हापासून तुमच्या लोकांनी या गावात वचन वाचलंय, शाळा चालवल्यात, मिरजेच्या दवाखान्यात माणसं बरी केलीत, तुमच्या घरात बायबल आमच्या घरापेक्षा जास्त उघडलं गेलं असेल असं मी माझ्या अनुभवावरून म्हणते.

तरी सासूबाईंचं ऐकू नका, त्यांचं प्रेम कळतं मला, पण असं गुपचूप जाऊ नका. कॅथलिक चर्चमध्ये कम्युनियन घेणं म्हणजे दोन गोष्टींना आमेन म्हणणं, ही भाकर खरोखर ख्रिस्त आहे याला, आणि या चर्चबरोबर मी पूर्ण एक आहे याला. आपण अजून एक नाही झालो, चारपाचशे वर्षांचं तुटलेलं आहे ते, आणि बाकावर बसल्यावर तुम्हाला जे दुखतं ते त्या तुटण्याचंच दुखणं आहे. मी ते गोड करून सांगणार नाही. जिवाच्या धोक्याच्या वेळी किंवा तशाच मोठ्या गरजेत, स्वतःचे पाळक मिळत नसतील, माणसानं स्वतः मागितलं आणि या संस्काराबद्दल कॅथलिकांसारखीच श्रद्धा असेल, तर नियमात वाट आहे, पण रोजच्या रविवारसाठी ती नाही.

फादरांना विचारा, बऱ्याच ठिकाणी हात छातीवर घेऊन रांगेत आलं तर आशीर्वाद देतात. नवऱ्याला सांगा, कम्युनियन घेऊन आल्यावर त्यानं सरळ गुडघे टेकून डोळे मिटायच्या आधी तुमचा हात हातात घ्यावा. आणि त्या वेळात तुम्ही मनातल्या मनात येशूला म्हणा, मला आत्ता तुला असं घेता येत नाही, तरी तू ये. आमच्याकडं याला आध्यात्मिक कम्युनियन म्हणतात, कोरोनात चर्चं बंद होती तेव्हा आम्ही सगळेच महिनोन् महिने त्याच्यावर होतो. पुढं कधी या शिकवणीचा अभ्यास करावा वाटला तर करा, घाई नको, आणि लग्नासाठी म्हणून तर अजिबात नको.

प्रश्न : बाबा ८२ वर्षांचे. स्मृतिभ्रंश आहे. मला कधी भाऊ समजतात, कधी कोणीच नाही. पण डिसेंबर १९६४ मध्ये ते मुंबईला गेले होते, ओव्हल मैदानावर, पोप सहावे पॉल आले होते तेव्हा, ते मात्र कालच बघून आल्यासारखं सांगतात. चर्चमधून महिन्याला एक जण घरी कम्युनियन घेऊन येतात. मोठी बहीण म्हणते त्यांना काय कळतंय, उगाच अपमान नको, बंद करूया. काय करावं?

उत्तर : बंद करू नका. जागतिक ख्रिस्तप्रसाद परिषदेसाठी पोप पहिल्यांदा भारतात आले ते तेव्हाच, आणि तुमचे बाबा त्या वयात ज्याच्यासाठी कोल्हापुरातून तिथपर्यंत गेले तोच आता महिन्याला त्यांच्या कॉटपर्यंत येतो. तुमचं नाव विसरले म्हणून तुम्ही त्यांना बाबा म्हणायचं सोडलंत का?

चर्च अशा माणसाच्या आयुष्यभराच्या श्रद्धेला धरून चालतं, त्या दिवशीच्या हजरजबाबीपणाला नाही. साध्या जेवणापेक्षा हे काहीतरी वेगळं आहे एवढी जाण कुठंतरी असली तरी पुरे, आणि ती बऱ्याचदा आपल्याला वाटते त्यापेक्षा खोलवर शिल्लक असते. मी स्वतः घरोघरी कम्युनियन घेऊन जायचे, एक आजी होत्या त्यांना वार, महिना, स्वतःचं घर काही आठवायचं नाही, पण पांढरा रुमाल अंथरून मेणबत्ती लावली की हात आपोआप क्रुसाच्या खुणेला जायचा.

तर असं करा. येणाऱ्यांना सकाळची वेळ द्या, संध्याकाळी अशी माणसं जास्त घाबरी होतात. टीव्ही बंद. कॉटजवळ छोटं टेबल, पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, आणि पाण्याचा पेला. आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना एक तासाच्या उपवासाचा नियम लागू नाही, त्यामुळं चहा झाला असेल तरी चालतं, आणि तुम्हीपण त्यांच्याबरोबर घ्या. "हे आमच्या स्वर्गातील बापा" मोठ्यानं, सावकाश म्हणा, ते मध्येच ओठ हलवतील. गिळायला त्रास होत असेल तर होस्टचा अगदी बारीक तुकडा आणि वरून घोटभर पाणी. तोंडातून बाहेर काढलं तर दचकू नका, घेऊन येणाऱ्यांना काय करायचं ते माहीत असतं, बाबांना ओरडू नका. ज्या दिवशी तोंड घट्ट मिटतील त्या दिवशी जबरदस्ती नको, नुसती प्रार्थना करा, पुढच्या वेळी परत.

आणि "ख्रिस्ताचे शरीर" म्हणून झालं की लगेच तोंडाजवळ नेऊ नका असं येणाऱ्यांना सांगून ठेवा. जरा थांबायचं. बहिणीलाही त्या दिवशी बोलवा, आणि तिला बाबांच्या समोर बसवा, जिथून त्यांचे ओठ दिसतील.